'सेट'चे ढीग

१ मार्च १८९७, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे
पेन्सिलीला टोक करतो आहे. थोरल्या इंग्रजी शब्दकोशासाठी घरबसल्या चिठ्ठ्या लावणाऱ्यांत माझे नाव आले! मुद्दाम तीनच इंग्रजी अक्षरांचे क्रियापद मागून घेतले: 'सेट'. चिठ्ठीवरचे वाक्य वाचायचे, अर्थ बघून ढीग लावायचे. टपाल कचेरीत रोज दुसरे काय करतो? ईस्टरला काम संपेल, कोशाच्या कचेरीत पगारी जागा मिळेल, मग लेटिसशी लग्न. तिला तसे सांगून टाकले.

४ मार्च
मूळ सापडले. 'सिट' म्हणजे बसणे, त्यावरून 'सेट' म्हणजे बसवणे. फारच सोपे. आता फक्त अर्थ उरले.

२२ एप्रिल
ईस्टर झाला. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणे. मोडलेले हाड बसवणे. सापळा लावणे. सूर्य मावळणे. (हे बसवण्यात कसे बसवू?) पलंगभर ढीग. खुर्चीत झोपतो. घरमालकीण मिसेस गॉडबी म्हणाल्या, "खिडकी उघडायची नाही, चादर बदलायची नाही. मी शिंकले तर चालेल का रे, पोरा?"
नाही म्हणालो.

११ जून
नवी युक्ती. लोकांचे बोलणेच टिपायचे. मिसेस गॉडबींची जेली घट्ट होईना, चर्चच्या व्हिकरांनी घड्याळ लावले, दोन्हींत 'सेट'! कोशाच्या कचेरीत माझे कौतुक होणार.

१ ऑगस्ट
लेटिस आली. बसायला जागा नव्हती, दारातच उभी राहिली. म्हणाली, "ऑब्री, लग्नाची तारीख ठरवायची आहे का नाही? एकदाच काय ते सांग."
तारीख ठरवण्यालाही 'सेट'! हा अर्थ माझ्याकडे नव्हताच. वाक्य सावकाश पुन्हा म्हणायला लावले. तिने म्हटले. चिठ्ठी सुरेख उतरली.
ती गेल्यावर लक्षात आले, उत्तर द्यायचे राहिले. उद्या नक्की.

९ सप्टेंबर
कोशाच्या कचेरीचे पत्र. छापील पुस्तकातलेच वाक्य चालते, ऐकीव नाही. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या परत. 'सेट' दुसऱ्या कुणाला देणार आहेत. लेटिसची चिठ्ठीही परत आली. तिच्यावर काट मारली आहे.
उद्या तिच्याकडे जाईन. आधी ढीग बांधून.

१३ सप्टेंबर
मिसेस गॉडबी म्हणाल्या, "लेटिस आणि तो पाववाला नॅथन, दोघांची नावं लग्नासाठी दोन रविवार चर्चमध्ये पुकारली. तू कुठं मेला होतास?"
ढीग बांधत होतो.
"येत्या रविवारी शेवटची पुकार. हरकत असेल तर तेव्हाच उठून बोलायचं. नाहीतर जन्मभर चिठ्ठ्या लाव."
उठणार. हरकत लिहून पाठ केली. एकही चूक नाही.

१९ सप्टेंबर, दुपार
गेलो. लेटिसच्या मागच्याच बाकावर बसलो. व्हिकरांनी बायबलचा पाठ वाचला, त्यात 'सेट' आले. आणि बायबल तर छापील! हात आपोआप खिशात गेला. पेन्सिल घरंगळून बाकाखाली गेली. वाकलो.
वर नावे पुकारली. कुणाची हरकत आहे का, विचारले. मला नुसते बूट दिसत होते. लेटिसचे बूट माझ्याकडे वळले. थांबले. मग पुन्हा सरळ झाले.
भजन सुरू झाले.
पेन्सिल सापडली. टोक शाबूत आहे.