घंटेपलीकडचं ऐकणारी मुलगी

प्रिय बेरिल मावशी,

आधी तुझ्या कंबरेची चौकशी, मग कोंबड्यांची आणि शेवटी माझं रडगाणं, हा पत्राचा क्रम तूच लहानपणी घालून दिला आहेस, तो मोडत नाही. कंबर कशी आहे? नवा सांधा बसवल्यापासून तू तुमच्या ताइहापे गावच्या थंडीत काठीशिवाय कोंबड्यांमागे धावतेस असं आई सांगत होती. (आईच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी तू धावतेस एवढं उरतंच.) तू पाठवलेली फिजोआची फळं पोचली. मावशी, माया कळते, पण या दिवसांत आमच्या गावात प्रत्येक फाटकापाशी फिजोआची पिशवी ‘घेऊन जा’ म्हणत बसलेली असते आणि लोक तिला चुकवायला रस्ता ओलांडतात. तुझी पिशवी मी गुपचूप शेजाऱ्यांच्या पायरीवर ठेवली. संध्याकाळी घरी आले तर माझ्या पायरीवर दोन होत्या.

मी बरी आहे. बालवाडीही बरी आहे, म्हणजे कागदावर. कागदावर आमच्याइतकी बरी बालवाडी पृथ्वीच्या पाठीवर नसेल, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

तुला ठाऊक आहे, आम्ही मुलांना गुण देत नाही, परीक्षा घेत नाही. आम्ही गोष्टी लिहितो. मूल काय करतंय ते बघायचं, फोटो काढायचा आणि त्या मुलालाच उद्देशून लिहायचं की आज तू असं केलंस, त्यातून मला तुझ्याबद्दल असं कळलं. गोष्ट घरच्यांच्या फोनवर जाते, छापून मुलाच्या वहीत लागते, आणि पाचव्या वाढदिवशी मूल शाळेत निघालं की ती जाडजूड वही काखोटीला मारून निघतं. मला ही पद्धत मनापासून आवडते गं. चार वर्षांच्या माणसाकडे कुणीतरी इतकं निरखून बघतं आणि जे दिसलं ते आधी त्यालाच सांगतं, याहून चांगलं काय असणार? मी या कामात आले ती याच लोभाने. पद्धतीचा एक नियम आहे: मुलाला काय येतं तिथून सुरुवात करा. चांगला नियम आहे. मग आमच्याकडे फिलिपा आली आणि सुरुवात करायची जागा हीच शेवटची जागा झाली.

फिलिपा आमची मुख्य बाई. वाईट नाही. (वाईट असती तर पत्र आटोपशीर झालं असतं.) तिला कुठल्याही मुलात कधीच काही कमी दिसत नाही, आणि हा गुण आहे की आजार ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एका मुलाने दुसऱ्याचा बूट संडासात टाकून वर पाणी सोडलं. फिलिपाची गोष्ट: ‘प्रवाहाचा अभ्यासक’. ज्याचा बूट गेला त्यानेही रुसू नये म्हणून त्याला एक मिळाली: ‘एका पायाने जग अनुभवताना’. चावणारी एक मुलगी आहे, ती ‘आपलं मत ठामपणे पोचवते’. पोचलेलं मत माझ्या दंडावर अजून निळं आहे. नळ आमच्या बालवाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे, भिंती कंपनीच्या, गोष्टी पाठवायची फोनमधली सोयही कंपनीची. वरच्या ऑफिसला फिलिपाच्या गोष्टी इतक्या आवडतात की इतर गावच्या बालवाड्यांना त्या नमुना म्हणून जातात.

आता मराइआ. येत्या वीकएंडनंतरच्या शुक्रवारी ती पाच वर्षांची होईल आणि त्याच दिवशी शाळेत जाईल. तिच्या आजीकडे राहते. हिरिआ नाव त्यांचं, सगळं गाव त्यांना नॅन, म्हणजे आजी, म्हणतं. बंदराजवळच्या दुकानात मासे आणि चिप्स तळतात आणि तळता तळता गिऱ्हाइकांची खरडपट्टी काढतात. मराइआ गोड आहे, शहाणी आहे, चित्रं अशी काढते की मी पळवून घरी लावावीत. आणि मावशी, तिला नीट ऐकू येत नाही. मी डॉक्टर नाही. पण मागून हाक मारली तर ती वळत नाही, समोरून मारली तर माझ्या ओठांकडे बघते, डोळ्यांकडे नाही. सर्दी झाली की आणखी दूर जाते. गोष्टीच्या वेळी सगळी हसून झाली की मग हसते. ते उशिराचं, शेजाऱ्याकडे बघून आणलेलं हसू एकदा दिसलं की माणसाला जेवण जात नाही.

मार्चमध्ये भूकंपाचा सराव झाला. फिलिपा पितळी घंटा बडवते, सगळी मुलं कासवं होऊन टेबलांखाली शिरतात. (एक कासव दर वेळी खाऊचा डबा घेऊन शिरतं, आपत्तीचं खरं नियोजन त्यालाच कळलंय.) घंटा वाजली, सगळी खाली गेली, आणि पाठमोरी मराइआ चित्रफलकापुढे उभी राहून समुद्राला निळा रंग देत राहिली. घंटा तिच्यापासून हातभर अंतरावर होती. मग खोली रिकामी झालीय हे तिच्या ध्यानात आलं, तिने वळून पाहिलं, आणि चेहरा असा झाला जसा आपण उतरायच्या आधीच बस निघाली की होतो. ब्रश टाकून तीही कासव झाली. सगळ्यांत शेवटी.

मी त्याच दुपारी गोष्ट लिहिली. अगदी साधी. ‘मराइआ, आज घंटा तुला ऐकू आली नाही. पण खोली शांत झाल्याचं तू डोळ्यांनी ओळखलंस. तुझ्या कानांना काय होतंय ते आम्ही मोठ्यांनी शोधायला हवं.’ फिलिपाने वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो बूट टाकला होता.

“रोवेना, नाही, नाही. हे उणिवांचं लिखाण आहे.”

“हे कानांचं लिखाण आहे.”

“ती मोठी होऊन हे वाचेल. तेव्हा तिला काय वाटेल?”

“वाटेल की कुणीतरी बघत होतं!”

“तू दमलीयस,” फिलिपा मायेने म्हणाली, आणि मायेनेच तिने ती गोष्ट सुधारली. दुसऱ्या दिवशी जी गेली तिचं नाव होतं ‘घंटेपलीकडचं ऐकणारी मुलगी’. ‘मराइआ, सगळे घाईने लपले तेव्हा तू गोंधळली नाहीस. तू आधी निरीक्षण केलंस, मग स्वतःचा निर्णय घेतलास. तुझ्यात नेतृत्व आहे.’ खाली माझं नाव, कारण फोटो मी काढला होता. वरच्या ऑफिसने तिला वर्षातली सर्वोत्तम ठरवलं. आता ती फोटोसकट माणसाच्या उंचीएवढी होऊन आमच्या दारात लटकते आणि रोज सकाळी मराइआ आपल्याच पाठमोऱ्या चित्राखालून आत येते.

मी नॅनशी फाटकापाशी बोलले. म्हटलं, नॅन, मला तिच्या कानांची काळजी वाटते. त्या हसल्याच.

“कान? अगं, कान शाबूत आहेत तिचे, डोकं बापाचं आहे! मी घसा फोडून ओरडते, ही ढिम्म. मुलखाची हट्टी.”

“पण नॅन...”

“आणि हे बघ की.” त्यांनी फोन काढला, तळणीच्या तेलाने काच धुरकटलेली. “नेतृत्व म्हणे! तूच लिहिलंयस ना? दुकानात सगळ्यांना वाचून दाखवते मी. माझ्याबद्दल शाळेत कुणी एक ओळ चांगली लिहिली नव्हती, पोरी. आता तू मला सांगतेस काहीतरी बिघडलंय?”

बघ मावशी. घरी हट्टी, बालवाडीत पुढारी. मधोमध दोन कान, ते कुणाचेच नाहीत. चार वर्षांच्या मुलांची कान-डोळ्यांची तपासणी होते ती तिची हुकली, कारण त्याच महिन्यात ती आईकडून नॅनकडे आली. मी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. तिने बालवाडीचं मत मागवलं. फिलिपाने आनंदाने सगळ्या गोष्टी पाठवल्या. नर्सने त्या वाचल्या, म्हणाली किती एकाग्र मुलगी, आवाजाने विचलितही होत नाही, आणि तिला रांगेच्या शेवटी टाकलं. तारीख सप्टेंबरातली, इथल्या वसंतातली आहे. तोवर ती शाळेतल्या मागच्या बाकावर हट्टी ठरून बसलेली असेल. आम्ही इतकं चांगलं लिहिलं, मावशी, की एका मुलीला मदतीची गरजच उरली नाही.

असो. शेजारचा रॉय आजारी होता, आता बरा आहे. पाऊस भरपूर. आईला फोन कर, ती रुसली आहे.

तुझी,
रोवेना

ता. क. बघ, एवढं लिहिलं आणि काम राहिलंच. तू इतकी वर्षं ती कान तपासायची गाडी घेऊन गावोगाव हिंडलीस, तो कानात बघायचा दिवा अजून तुझ्या खणात आहे ना? मी एक बेत केला आहे. मराइआच्या निरोपाच्या दिवशी, गुरुवारी, तू पाहुणी म्हणून ये. फिलिपाला मी सांगितलंय की माझी मावशी मुलांशी ‘ऐकण्याच्या आनंदावर’ खेळ खेळेल. ती हरखली आहे, गोष्टीचं नावसुद्धा तिने काढून ठेवलंय. तू सगळ्यांच्या कानात डोकाव, आधी फिलिपाच्या, म्हणजे ती खूश. मग मराइआच्या, नॅनच्या देखत. आणि जे दिसेल ते तुझ्या जुन्या डॉक्टरांना कळव. तुझा शब्द ते अजून टाळत नाहीत असं तूच सांगतेस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. नॅनचा फोन आला होता. माझ्यावर चिडून त्यांनी म्हणे मला खोटं पाडायचं ठरवलं. मराइआ जमिनीवर चित्र काढत बसली होती. त्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, आइस्क्रीम खायला कोण येतंय? मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. मराइआने कागदावरून मान वर केली नाही. तळणीच्या आवाजातून नॅन मला म्हणाल्या, “वर्षभर मी त्या पोरीवर ओरडतेय, रोवेना. नको नको ते बोलले. त्यातलं निम्मं तिला ऐकूच गेलं नसेल. हे बरं झालं म्हणायचं का गं?”

गुरुवारचा बेत राहू दे, मावशी. पत्र पोचायची वाट बघत नाही, आत्ता फोन करते. उद्या सकाळच्या बसने निघ.