लावो, लावास, लावा

बाबा, न्हावा शेव्याच्या आमच्या ऑफिसात आता मला स्पॅनिशवाली मॅडम म्हणतात. परदेशातून येणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तपासणं हे माझं काम. चिलीहून सफरचंदं येतात, पेरू देशातून द्राक्षं येतात, आणि कागदात कुठे काही अडलं की तिकडच्या माणसाशी फोनवर बोलायला मलाच बसवतात. तिकडे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे ऑफिस सुटायची वेळ झालेली असते. बाकीचे डबे पिशवीत घालत असतात आणि मी कानाला फोन लावून तुमच्या भाषेत बोलत असते. तुम्ही असतात तर तुम्हाला नवल वाटलं असतं, कारण ही भाषा तुम्ही मला कधी शिकवलीच नाहीत. ताईला शिकवलीत.

बोटीवरची नोकरी सोडून तुम्ही कायमचे रेवदंड्याला आलात तेव्हा ताई अकरावीत होती आणि मी नववीत. बोटीच्या भटारखान्यात तुम्ही भांडी घासत होतात आणि तिथला पेरूकडचा आचारी तुम्हाला त्याची भाषा शिकवायचा, हे आम्हाला माहीत होतं. त्याने तुम्हाला पहिलं क्रियापद दिलं ते लावार, म्हणजे धुणं, कारण तुमच्या हातात तेव्हा तेच काम होतं. शेवटच्या खेपेला तुम्ही ताईसाठी जाडजूड स्पॅनिश शब्दकोश आणलात आणि माझ्यासाठी घड्याळ. मी रडले तर आई म्हणाली, "तुझं महाग हाय गो, रडतेस कशाला?" महाग होतंच ते. मी ते ताईला देऊन शब्दकोश मागितला. ती द्यायला तयार झाली, पण तुम्ही मधे पडलात. "तिला उपयोग हाय त्याचा," तुम्ही म्हणालात. "तिला मुंबईत आगबोटीच्या ऑफिसात नोकरी लागंल. तू आधी गणितात पास हो."

मग रोज चहा झाला की ओटीवर शिकवणी. तुमची पद्धत मला अजून दिसते. तुम्ही भिंतीला टेकून बसता, दुखरा गुडघा लांब करता, आणि पहिली दोन रूपं स्वतः म्हणता. लावो, मी धुतो. लावास, तू धुतोस. मग गप्प बसता आणि ताईकडे बघता. तिसरं तिने म्हणायचं. लावा, तो धुतो. ते आलं की तुम्ही मान डोलावता आणि पुढची दोघं मिळून म्हणता, लावामोस, लावान, आम्ही धुतो, ते धुतात. हे एक नीट पाठ झालं की त्याच्या जातीची सगळी आपसूक येतात, शेवट तेवढा बदलायचा, असं तुम्ही सांगायचात. आत चुलीपाशी आई हसायची. "काय दोघांचं लावा लावा चाललंय, एक दिवस मला पण काहीतरी लावायला द्या." मी तिच्या शेजारी विळीवर बसलेली असायचे आणि दार उघडं असायचं. मला पाठ करायला कोणी सांगितलं नव्हतं. पण कान काही विळीवर नसतात. वर्तमानकाळ मला ताईच्या आधी आला.

भूतकाळाचा दिवस तर मी विसरणं शक्य नाही. लावे, मी धुतलं. लावास्ते, तू धुतलंस. तुम्ही थांबलात. ताई म्हणाली, लावा. तुम्ही मान हलवलीत. परत दोन म्हणालात, परत थांबलात. ती परत चुकली. तिसऱ्या वेळी ती रडवेली झालेली मला आतून ऐकू आली. माझ्यासमोर मांदेलीचा वाटा होता, हात खवल्यांनी भरलेले. मी तिथूनच म्हणाले, "लावो. वर्तमानकाळातल्या पहिल्या रूपासारखंच, पण जोर शेवटच्या वोवर." खरं सांगते, मला वाटलं तुम्ही उठून आत याल. तुम्ही म्हणालात, "तुला कोणी इचारलं? तुझं मासं बघ तू." मग आवाज मऊ करून ताईला म्हणालात, "हां, बोल. लावो." ती म्हणाली, लावो. आणि तुम्ही तिला शाब्बास म्हणालात. तुम्ही मला त्याआधी आणि त्यानंतर खूप बोललात, बाबा, गणितावरून, उलट बोलण्यावरून, आणि ते सगळं मी विसरले. हे शाब्बास मात्र मला अजून आठवतं, कारण ते माझं होतं.

ताईला आगबोटीच्या ऑफिसात नोकरी लागली नाही. ती बँकेच्या परीक्षेला बसली, पास झाली आणि पुण्याला गेली. तुम्ही मनातून खट्टू झालात, पण तिला कधी बोलला नाहीत. मी अलिबागला झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले, रोज रिक्षाने जायचे, यायचे. तुमची औषधं मी आणायचे, गुडघ्याला शेक मी द्यायचे. आणि तुम्ही संध्याकाळी विचारायचात, "थोरलीचा फोन आला होता का?"

तुम्हाला झटका आला त्या सकाळी मी घरीच होते. अलिबागच्या दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दोन दिवस तुम्ही नुसते छताकडे बघत होतात. डॉक्टर म्हणाले की बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही; पण पाठ असलेलं काहीतरी, स्तोत्र वगैरे, कधीकधी आपोआप तोंडातून येतं. आई तुमच्या कानाशी रामरक्षा म्हणत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचे ओठ हलले. "लावो," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने, "लावास." मग थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत.

आई एकदम उठली. "काय लावू? तेल लावू का हाताला?" तिने मला खोबरेल आणायला पिटाळलं. मी खालच्या दुकानातून बाटली आणली आणि ती तुमच्या त्या निर्जीव हाताला तेल चोळत बसली. तुम्ही मान हलवून नाही म्हणत होतात. परत म्हणालात, लावो, लावास, आणि परत माझ्याकडे बघितलंत. डोळ्यांत तीच ओटीवरची नजर होती. समोरच्याने आता बोलायचं, अशी.

मला येत होतं, बाबा. दोन अक्षरं होती. आईला सांगता आलं असतं की ते तेल मागत नाहीत. पण माझ्या मनात आलं की तुम्ही हे मला विचारत नाही आहात, माझ्या जागी तुम्हाला ताई दिसतेय. मी तुमची चादर सारखी केली आणि म्हणाले, "ताईला रजा मिळालीय, बाबा. येईलच." तो दिवस गेला, दुसरा अर्धा गेला. तुम्ही किती वेळा म्हणालात ते मी मोजलं नाही. आईने अर्धी बाटली संपवली.

ताई आली आणि दारातच तिने ऐकलं. पिशवी खाली न ठेवताच ती म्हणाली, "लावा." तुमच्या तोंडाची डावी बाजू हसली. मग तुम्ही दोघांनी वर्तमानकाळ पूर्ण केला, ती रडत, तुम्ही अडखळत. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. नर्स बाईंनी डोळे पुसले. मग तुम्ही भूतकाळ काढलात, लावे, लावास्ते, आणि ताई अडकली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर आठवड्याभरात तुम्ही गेलात. अजून गावात लोक सांगतात की बापाने शेवटी फक्त थोरलीला ओळखलं. माझ्यासमोर सांगतात आणि मीही हो म्हणते.

पुढे लग्न होऊन मी उरणला आले, पोर्टच्या ऑफिसात लागले, आणि चिलीचं काम सुरू झालं तेव्हा मोबाईलवर स्पॅनिशचा क्लास लावला. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी एक नियमित क्रियापद तीनही काळांत म्हणायला सांगितलं. मी भविष्यकाळापर्यंत न थांबता म्हणाले, लावारे, लावारास, लावारा. बाई म्हणाल्या, तुमचा पाया चांगला आहे.

गेल्या महिन्यात ताईची मुलगी सुट्टीला माझ्याकडे राहायला आली होती. तीही कॉलेजात स्पॅनिश शिकते. तिची उजळणी मीच घेतली. ती म्हणाली, "मावशी, आईला यातलं काहीच येत नाही. मी विचारलं तर म्हणते, विसरले सगळं. तुला कोणी शिकवलं?" मी भाजी चिरत होते. मी म्हणाले, "तुझ्या आजोबांनी." एवढंच. निम्मं तर खरं होतं. पोरीने घरी जाऊन आईला सांगितलं आणि परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "बाबांनी तुला शिकवलं होतं?"

"हो."

"कधी?"

"तू अलिबागला क्लासला जायचीस ना, तेव्हा."

"मला कधी बोलले नाहीत."

"मलाही म्हणाले होते, ताईला सांगू नकोस म्हणून."

"सगळे काळ शिकवले?"

"सगळे."

गॅसवर दूध आहे म्हणून तिने फोन ठेवला. ठेवण्याआधीचा तिचा आवाज मी चांगला ओळखते. तो आवाज मी घरात इतकी वर्षं सांभाळला, फक्त कोणाला ऐकू दिला नाही. आता तो तिच्या घशात गेला आहे, आणि मला त्याचं वाईट वाटायला हवं. तिने माझं काहीही घेतलं नव्हतं. तुम्ही दिलंत ते तिने घेतलं, आणि नंतर विसरूनही गेली.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर जाणार नाही, आणि ताईच्या पत्त्यावर पाठवलं तर एका मिनिटात सगळं सरळ होईल. फोनही करता येईल. मनाशी मी म्हणते आहे की हिंमत होत नाही. तसं नाही, बाबा. हिंमत आहे. तिला अजून थोडे दिवस तसंच वाटत राहावं, अशी माझी इच्छा आहे.