रिकाम्या गोठ्यातली हाक

बर्गन, नोव्हेंबर

प्रिय आई,

माझं अक्षर बघून दचकली असशील. शाळा सुटल्यापासून तुला एक ओळ लिहिली नव्हती मी. इथे पाऊस आहे, बर्गनला दुसरं काय असणार! तू पाठवलेलं चीज ग्रोताईने आणून दिलं. गाईच्या दुधाचं आहे, आपल्या शेळ्यांचं नाही, हे पहिल्याच तुकड्याला कळलं.

ताई सांगत होती, दुकानदार तुरगाइरने माझा अल्बम ऐकून तुला विचारलं, "पोरगा डुकरं कापतो की काय?" आणि तू म्हणालीस, "डुकरं आमच्याकडे कधीच नव्हती." खूप हसलो. त्या अल्बमबद्दल तू तेवढंच काय ते बोललीस. तो मी गोठ्यातच का केला, हे कधी विचारलं नाहीस. ढोल, गिटार, आज्जीचं ते लांबट तंतुवाद्य लांगलाइक, सगळं एकट्याने वाजवायचं, तारा छेडताना बोटं बधिर व्हायची. पोलंडची, फिनलंडची ब्लॅक मेटल, म्हणजे हे असलं किंचाळणारं संगीत ऐकणारी पोरं लिहितात, इतका गार आवाज कुठल्या स्टुडिओत मिळाला? शेळ्या गेल्या की गोठा किती गार पडतो, हे त्यांना काय सांगू?

चौथं गाणं ओरडत होतो तेव्हा तू कॉफीची किटली घेऊन दारात आली होतीस. "कुणाला बोलावतोयस, ओस्मुन? यायचं कोण राहिलंय?" मी मान खाली घालून तारा पुसत बसलो. किटली ठेवून तू निघून गेलीस.

तेव्हाचं उत्तर आज देतो. रोग लागलेल्या शेळ्या मारायला न्यायला ट्रक आला, त्या दिवशी कळप वर डोंगरावर होता. सरकारी माणसांच्या हाती एकही लागेना. शेवटी त्यांचा डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्हीच बोलवा." तू अंगणात उभी राहिलीस आणि ती जुनी हाक घातलीस, आज्जीने शिकवलेली, उंच जाऊन गिरक्या घेत खाली उतरणारी. आणि त्या आल्या गं. धावत आल्या. सगळ्यांत पुढे आपली लंगडी ब्लोमा. तुझा हात चाटून ती ट्रकमध्ये चढली. मागची फळी मी लावली. त्यानंतर तू हाक घातली नाहीस, चर्चमध्ये सगळे गात असतानासुद्धा नुसते ओठ हलवत उभी असायचीस.

चौथ्या गाण्यात तीच हाक आहे, आई. सूर तोच, मी फक्त फाडला. ऐकून शेळ्यांनी घाबरावं, मागे फिरावं, वर कड्याकडे पळावं आणि पुन्हा कधी खाली येऊ नये, अशी हाक घालायची होती मला. लोक म्हणतात, हा सैतानाला बोलावतो. मी तर 'पळा, पळा' म्हणून ओरडत होतो. उशीर झाला होता, एवढंच.

आता खरं ते लिहितो. माझ्या घशात गाठ आहे. वाईटातली आहे. गुरुवारी सबंध स्वरयंत्र काढणार आहेत. पुढे श्वास गळ्यातल्या भोकातून घ्यायचा, बोलणं संपलं. ओरडण्याने असं होत नाही, सिगारेटने होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर तू त्या अल्बमला दोष देत बसशील. सांगायला दोनदा फोन केला होता. तू "कोण? कोण बोलतंय?" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. तो मीच होतो. माझा आवाज तू शेवटचा ऐकावास म्हणून केला होता, पण तोंडातून शब्द फुटला नाही. बरा झालो की एखाद्या रविवारी पुन्हा करीन. पलीकडून कुणीच बोलणार नाही. तेव्हा ठेवू नकोस. बर्फ किती पडलं, चूल नीट पेटते का, काहीही सांगत राहा. मी ऐकत असेन.

तुझाच,
ओस्मुन