वाटणीची गाय

उझगेन, ४ मार्च २०१९

कानिशाय बाळा,

सलाम. तुमच्याकडची माणसं-गुरं सुखरूप आहेत ना? तुझ्या वडिलांचा पाय कसा आहे? प्लास्टर निघालं तरी महिनाभर त्यांना घोड्यावर बसू देऊ नका. ऐकणार नाहीत, ठाऊक आहे, तरी सांगते. मेंढ्या व्यायला लागल्या असतील, म्हणजे तुला माहेरीही उसंत नसणार.

मी बरी आहे. तालायही बरा आहे, त्याचा फोन आला होता. त्याचं पुढं लिहिते.

तू म्हणशील, फोन सोडून आपा पत्र का लिहीत बसली. फोनवर मी ओरडते, तू "हो आपा, हो आपा" करतेस आणि बोलायचं ते राहून जातं. कादिर गाडी घेऊन तुमच्या अलायकडं निघालाय, त्याच्या हाती देते.

आधी कोंबड्यांचं. गाजराचा कीस आणि लसूणघासाच्या पानांचा चुरा चुकवू नका, असं तू बजावून गेली होतीस. चुकवला नाही. बलक अजून तसेच केशरी आहेत. पण शेजारच्या हालिमाने मार्गिलानहून रेशमाच्या कोशातले वाळलेले किडे पोतंभर आणले. म्हणाली, "घाल गं, अंडी दुप्पट होतील." तू मूठभर घालायचीस हे मी पाहिलेलं. मला वाटलं, मुठीने एवढं होतं तर टोपलीने किती होईल! अंडी वाढली, खोटं कशाला बोलू. पण दोन-चार दिवसांत चहाखानेवाल्या एर्गेशने सगळी अंडी परत आणून दारात ठेवली.

"तुर्दुकान आपा, ही कोंबडीने घातलीत की माशाने?"

"आधी नाक धुऊन ये," मी म्हटलं. मग तो गेल्यावर एक उकडून खाल्लं आणि किड्यांच्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं. आता किडे बंद केलेत. वास गेलाय, एर्गेश काही अजून फिरकला नाही.

चोलपोनचं दूध टिकून आहे. तिला सरकीची पेंड तू सांगितलीस तेवढीच घालते, बाकी लसूणघास. पूर्वी नुसत्या गव्हाच्या काडावर आणि पेंडेवर आपण हिवाळा काढायचो, तेव्हाचं लोणी आठवतं? पांढरंफटक आणि चरबीसारखं कडक, सुरी टेकवली की तुकडा उडायचा. आता भर थंडीतही साय पिवळसर येते आणि नानवर बोटाने पसरते. हे तुझं काम आहे, माझं नाही.

कुरुताचं मात्र हसं झालं. चक्का टांगला, मीठ मळलं, मुठीत दाबून गोळे वाळत घातले, सगळं तुझ्यासारखं. ओशच्या दुकानवाल्या झामिराबाई आल्या. एक गोळा उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हे तुमच्या सुनेच्या हातचं नाही."

"कशावरून?"

"तिच्या कुरुतावर बारीक बोटं उमटलेली असतात. ही तर कुस्तीवाल्याची दिसतात."

जन्मभर धारा काढलेल्या हातांना बाई असं म्हणाली! पण तिचं गिऱ्हाईक बोटं बघून कुरूत उचलतं, त्याला मी काय करू? उन्हाळ्यापासून तिला साय आणि कुरूत नेमाने हवंय, पाकिटावर नाव छापून. कुणाचं नाव घालू, विचारत होती. मी म्हटलं, जिची बोटं तिचं. पण ती हो म्हणेपर्यंत माझ्याकडून होकार समजू नका.

गोठ्याचं छप्पर बर्फाने वाकलं होतं, टेकू दिलाय. आणखी काय? काही नाही. उगाच लांबण लावतेय.

तालायने तिकडं रशियात, नोवोसिबिर्स्कमध्ये दुसरा संसार मांडलाय. बाई तिथलीच आहे. त्यांना मुलगा आहे, चालायला लागलाय. तालाय आता परत येणार नाही.

बाळा, खाली बस. चहा घे, मग पुढचं वाच.

हे त्याने स्वतः मला, जन्म देणाऱ्या आईला, सांगितलं आणि वर म्हणाला, "आपा, कानिशायला एवढ्यात सांगू नकोस. उन्हाळ्याचं दूध निघू दे. ती गेली तर तुझं कसं होणार?"

मी म्हटलं, "माझी काळजी करणाऱ्याने सहा वर्षांत एकदा तरी घर बघितलं असतं." आणि फोन ठेवला. पण त्याचं बोलणं मनातून जाईना. खरं सांगते, गप्प बसावं असं मलाही वाटलं. तू येशील, गाई बघशील, ओशचं काम सुरू होईल, घर भरलेलं राहील. मग सकाळी चोलपोनची धार काढताना माझी मलाच लाज वाटली. तुला फसवून राबवून घ्यायचं, तर मी तुझी कोण?

मूल नाही म्हणून असं झालं, असं कुणी तोंड उघडलं तर माझं नाव घेऊन सांग: जो घरीच येत नव्हता, त्याच्यापासून मूल काय टपालाने येणार होतं?

आता ऐक. मुलगा वेगळा निघाला की त्याला त्याच्या वाट्याची जनावरं द्यायची, ती एनची. तालायची मी दिली नव्हती, कारण तो वेगळा निघालाच नव्हता. आता निघाला. काल गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावलं, पुलाव घातला आणि सगळ्यांसमोर त्याची एनची तुझ्या नावे केली. चोलपोन, तिच्या दोन्ही कालवडी आणि सगळ्या कोंबड्या.

तुझे चुलतसासरे सातार भडकले. "सुनेला एनची? असं कधी ऐकलं नाही!"

"आता ऐकलंत ना? मग चहा प्या," मी म्हटलं.

प्याले. पुलावही दोनदा घेतला.

तू परत यावंस म्हणून हे दिलेलं नाही, नीट समजून घे. माहेरी राहिलीस तरी जनावरं तुझीच, दुसरं लग्न केलंस तरी तुझीच. आणि केलंस तर मी रडेन, पण पुलाव घालायलाही येईन. इकडं यायचं नसेल तर कादिरला सांग, तो सगळी तुझ्या दारात पोचवेल. उतरवताना फळी लाव, चोलपोन गाडीतून उडी मारत नाही. तुमच्याकडचं गवत तिला एकदम घालू नकोस, हळूहळू बदल. बघ, तुला शिकवतेय मी!

पण यावंसं वाटलं तर ये. मला तू हवी आहेस. गाईंसाठी नाही, कुरुतासाठी नाही. संध्याकाळी समोर बसून "हो आपा, हो आपा" म्हणणारं कुणी नाही, म्हणून.

खाली "तुझी सासू" लिहायला घेतलं होतं. आता ते माझ्या हातात राहिलं नाही. तुला पटेल ते नातं तूच लिही. मी नुसतं नाव घालते.

तुर्दुकान