आत ये, असं मी म्हणाले

बाबा, तुम्ही गेल्यापासून मी कुठल्याच खाणीजवळ फिरकले नव्हते. सिंगापुरात ते सोपंही आहे. इथे डोंगर नाहीत, बुकित बातोकला एक टेकडी आहे तिचंच केवढं कौतुक. पण गेल्या शनिवारी पुंगोलच्या आमच्या बिल्डिंगमधल्या हायकिंग ग्रुपबरोबर सीमा ओलांडून मलेशियातल्या डोंगरात गेले. बरोबर तुमची नात होती. पंधरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते आणि वर इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावते. मी आधी चिडते आणि मग हसते.

जंगलातली चढण संपता संपता सोन्याच्या जुन्या खाणींचे अवशेष लागले. एक गंजलेली ढकलगाडी, झाडाच्या मुळांनी उचकटलेला दगडी चौथरा आणि उतारात भुयाराचं तोंड, माणूस वाकून जाईल एवढं. आमच्या मलय वाटाड्याने आत जायचं नाही असं सगळ्यांना बजावलं आणि मंडळी पुढे ओढ्याकाठी डबे उघडायला गेली. मी मागे रेंगाळले. सोन्याच्या खाणीतल्या सर्व्हेअरची मुलगी मी, मला हा कोण शिकवणार, असा माझा तोरा. आतल्या भिंतीत गारगोटीची पांढरी शीर दिसत होती, तुम्ही मला दाखवायचात तशी. मला फक्त तिच्यावरून हात फिरवायचा होता.

मुलीला तोंडाशी उभं केलं आणि तुमचा नियम तुमच्याच सुरात सांगितला. एकाने कायम बाहेर थांबायचं. आतून कुणी कितीही हाका मारल्या तरी आत पाऊल टाकायचं नाही, माणसं आणायला पळायचं. कारण एकाला काढायला दुसरा जातो आणि दोघंही तिथेच राहतात. तिने डोळे फिरवले. “ओके आई, आय नॉट बेबी लाह.”

पायाखाली कुजलेल्या पानांचा चिखल होता. त्याखाली फळ्या आहेत हे मला पाय आत गेल्यावर कळलं. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि खाली काहीच लागेना. हातातला फोन टॉर्चसकट सुटला, आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज फार उशिरा आला. जुन्या उभ्या खड्ड्यांवर फळ्या टाकून ठेवतात, वर माती साचते, मग जमीन कुठली आणि फळी कुठली ते कळत नाही. हे मला माहीत होतं, बाबा. लहानपणापासून माहीत होतं. मी श्वास घेतला तरी लाकूड करकरत होतं.

आणि मी ओरडले, “आत ये.”

मग तिचा आवाज आला, “आई, कॅनॉट. यू सेड कॅनॉट.”

“अगं, मीच सांगतेय ना? ये. हात दे मला.”

ती रडत होती, ते मला ऐकू येत होतं. तोंडाशी तिची सावली पुढे सरकली, आत येणारा उजेड कमी झाला आणि मला बरं वाटलं. पोटची पोर माझ्याकडे त्या फळ्यांवर येत होती आणि मला बरं वाटलं. मग उजेड परत आला, आणि तिची पावलं उतारावरून पळत गेली. त्यानंतर त्या अंधारात मी तिला काय काय बोलले ते लिहवत नाही.

वाटाड्या दोर घेऊन आला. पोटावर सरपटत त्याने मला ओढून काढलं, मग कपाळावरचा दिवा खाली वळवून तो खड्डा दाखवला. तळ दिसत नव्हता. “वन मोअर पर्सन कम, ऑल फिनिश,” तो म्हणाला. मुलगी माझ्या गळ्यात पडली नाही. लांब उभी राहून बघत होती.

परतताना बस सीमेवरच्या रांगेत अडकली तेव्हा तिने हळूच विचारलं, “आई, व्हाय यू कॉल मी?”

“बघत होते,” मी म्हणाले. “नियम लक्षात राहतो की नाही.”

शब्द तोंडातून गेले मात्र, खाणीच्या कॉलनीमागच्या डोंगरातलं ते जुनं भुयार आठवलं. मी तिसरी-चौथीत असेन. तुम्ही आत, मी बाहेर. दगड घसरल्याचा आवाज येतो, मग तुमची हाक, “बाळा, आत ये गं.” मी जात नाही, पळत जाऊन पहारेकऱ्याला घेऊन येते. त्याच्या आधाराने तुम्ही बाहेर येता आणि हसून म्हणता, “परीक्षा घेत होतो तुझी. पास झालीस.” त्या शाबासकीवर मी आजवर जगले. मैत्रिणींना सांगितलं, लग्नानंतर नवऱ्यालाही ऐकवलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तुमच्या सुजलेल्या खांद्याला गरम हळद लावत होती, मी समोर बसले होते आणि तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला त्याचा अर्थच लागत नव्हता. तो त्या बसमध्ये लागला: तुम्हीही मला खरंच आत बोलावलं होतंत.

तुमचा राग यायला हवा, पण येत नाही. खरं सांगितलं असतंत तर पुढच्या हाकेला मी आत धावले असते, आणि तेच तुम्हाला नको होतं. मलाही नकोय. म्हणून तिच्याशी खोटं बोलले ते बरंच केलं, असं मी मनाला समजावते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून निदान इथे तरी खरं लिहिता येतं.

पण मी तेव्हा तुमचं म्हणणं लगेच मानलं होतं, बाबा. ही नुसती “ओके” म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. तिला ते पटलं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.