दत्ता रानात गेलाय

गुरुवार, ८ जानेवारी

लेकाची राख निवली न्हाई आन् धाकटा हणमंता मला म्हणतो, शेफालीचा फोन आला तर हसून बोल! लाज न्हाई.

दत्ता काल भोरच्या डेपोत एसटीची वाट बघत बसल्या जागी गेला. त्याची एकुलती पोर शेफाली जर्मनीत. एकोणीस तारखेला मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढं बोलायचंय तिला. हणमंताचं म्हणणं, तोवर सांगायचं न्हाई, पोरीची सगळी मेहनत मातीत जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. म्या बी हलवली.

शुक्रवार, ९ जानेवारी

फोन आला. तोंड दिसणारा. सुनेनं, साधनानं, पुसलेलं कुंकू परत लावलं आन् मग उचलला. बाबा कुठंय? म्या म्हटलं, शेळ्या घेऊन वर रानात गेलाय, तिथं रेंज न्हाई.

फोन ठेवला तशी साधनानं पदरानं कपाळ घासघासून लाल केलं. म्या तिला गप बस म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवार, ११ जानेवारी

पोरगी आभाळातलं सांगत बसली. लई लांब ताऱ्यांचे थवे हायेत — दीर्घिका म्हणती — धुळीनं भरलेले. धूळ आतून तापलेली, म्हणून उष्णतेच्या उजेडात लख्ख दिसतात. पण आत काय चाललंय? एक तर ढिगानं नवे तारे जन्मतायत, न्हाईतर मधोमध कृष्णविवर बसून खातंय. वरनं कळत न्हाई. मग ही एक्स-रे बघती, तो बी उजेडच म्हणे. ते धुळीतनं निसटतात.

म्या विचारलं, धूळ लईच दाट असली तर?

"मग फक्त सगळ्यात जोरकस तेवढेच बाहेर येतात, आजी. तेच मी शोधले."

एका दीर्घिकेत लोक म्हणायचे नुसतेच तारे जन्मतायत. हिला आत कृष्णविवर घावलं. म्हटलं, गिळणाऱ्याचा कसला गं उजेड? तर म्हणे, त्याचा न्हाई. आत पडणारं आधी गरगर फिरतं, तापतं, उजेड त्याचा. गिळलं की संपलं.

मग म्हणाली, हे बाबांना सांग, त्यांना ऐकायचं होतं.

सांगते म्हटलं.

सोमवार, १२ जानेवारी

साधना जेवत न्हाई. हणमंता दाबून जेवतो आन् गोठ्यात जाऊन रडतो.

शुक्रवार, १६ जानेवारी

दहावा. कावळा लवकर शिवला न्हाई. कशाला शिवंल? पोर कुठंय त्याची?

नदीवर हणमंतानं डोकं भादरलं. सांजच्याला साधना कुंकू लावून फोनवर हसत बोलत होती, आन् हा शहाणा मागनं हंडा घेऊन गेला — बोडका, टोपी बी न्हाई! म्या मोबाईल माझ्या तोंडाशी ओढला. पोरगी हसली. मग म्हणाली, तुमची रेंज जातीय. म्या मनात म्हटलं, बरं झालं, तिला दिसलं न्हाई.

सोमवार, १९ जानेवारी

हितं तेराव्याच्या पंगती उठल्या, तिकडं तिचं बोलणं झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. हणमंता म्हणतो, उद्या सांगू.

मंगळवार, २० जानेवारी

हणमंतानं नुसतं "पोरी" म्हटलं.

"काका, शुक्रवारीच तुमचं डोकं दिसलं मला. आई कुंकू लावून हसत होती. तिला मोडू कशी? म्हणून मी बी हसले."

आन् फोन ठेवला.

आता वाजला की साधनानं उचलायचा. रिकाम्या कपाळानं. बाकी कुणी हात लावायचा न्हाई. म्या सुदिक न्हाई.