यंदाही गौरी धायरीतच

२० ऑगस्ट
दादाचा फोन. सुमनला जाऊन वर्ष झालं, तेव्हा यंदापासून गौरी त्यांच्याकडे येरवड्याला न्याव्यात, असं वहिनींचं म्हणणं. "घरात बाईमाणूस नाही. अठरा माणसांचं जेवण झेपणार आहे का तुला?" म्हटलं, मंजू आहे की. मग हळूच, "अरे, गौरी सवाष्णीनं आणायच्या असतात."
मंजू समोरच लॅपटॉप घेऊन बसलेली. घटस्फोटाला तीन वर्षं झाली तिच्या. मान वर केली नाही, म्हणजे सगळं ऐकलं.
"गौरी इथं धायरीतच बसतील. मंजू आणेल," म्हटलं आणि फोन ठेवला. दादाला उलटून बोललो. या वयात!

२२ ऑगस्ट
मंजू म्हणते, "बाबा, माझ्यासाठी भांडू नका." सांगितलं, तुझ्यासाठी नाही, मला हौस आहे म्हणून.
सुमन चार दिवस आधीपासून राबायची. जेवायची पाच वाजता, उरलंसुरलं. अठ्ठावीस वर्षं मी मात्र पहिल्या पंगतीला बसून "भात आणा" म्हणत होतो. एकदा तरी उठायला हवं होतं... असो.
यंदा तसं नाही. पुरणपोळ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून, आमटीसाठी कटही त्यांचाच. सोळा भाज्यांची मिळून एकच भाजी, ती मी करणार. बाकी मंजू. पंगत बंद. टेबलावर मांडायचं, ज्यानं त्यानं वाढून घ्यायचं, आपलं ताट आपण घासायचं.
घरच्या ग्रुपवर तसंच टाकलं. तिघांनी अंगठे दिले. वहिनींनी वाचून सोडून दिलं.

३१ ऑगस्ट
मंजूनं गौरी आणल्या. मी पुढं ताट वाजवत, ठेका सगळा चुकलेला. देव्हाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर ती हसत सुटली. शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. बघू दे.
दुपारी भाज्या चिरल्या. अडीच तास! सुरणानं हात खाजतायत.

१ सप्टेंबर
सगळे आले. दादा एकटाच.
"तिचं डोकं दुखतंय."
"बरं."
भाजी खारट झाली. कुणी बोलेना, मग मीच जाहीर केलं. पुतण्या ताट धरून उभा. "काका, खरंच घासायचं?" "मेसेज वाचला नाहीस?" घासलं त्यानं. मागोमाग दादानंही, सत्तराव्या वर्षी, बाह्या सरसावून. दीड वाजता सगळ्या बायका पंख्याखाली बसून जेवत होत्या. गरम गरम. मंजूसुद्धा.
निघताना दादा स्वयंपाकघरात घुटमळला. "मंजू, काकूसाठी थोडी कटाची आमटी देतेस?" नको देऊस, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. मंजूनं डबा काठोकाठ भरला, वर दोन पोळ्या.
थकलो नाही. खरंच नाही.

३ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. आज सकाळी वहिनींचा फोन, मला.
"भावोजी, आमटीला खोबरं भाजून घातलं होतं का?"
डोकं कसं आहे, ते मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.
"वहिनी, आमटी मंजूनं केली. तिलाच विचारा."
वाटलं, आता ठेवतील.
"द्या तिच्याकडे."
दिला. "हॅलो, काकू," म्हणाली आणि नुसतीच उभी राहिली फोन कानाला लावून. पलीकडून काय चाललंय, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं.
वीस मिनिटं झाली. अजून तिथंच आहे.